छपरावरचा डबा आणि पावसाळा : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मृग तोंडावर आला की या सदराकडे एकाच धर्तीची पत्रं येऊ लागतात. घरापासून बागेपर्यंत, डोंगरावरून गावात किंवा एका इमारतीवरून दुसरीवर नेलेली वायरलेस जोडणी उन्हाळ्यात ठणठणीत असते आणि पहिल्या सरीत गळपटते. त्यातली काही निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. लांबलेली पत्रं मतलबापुरती छाटली आहेत.

देवगडहून एक बागायतदार : घरावरून दोन किलोमीटरवरच्या कलमांच्या बागेत कॅमेऱ्यांसाठी ५.८ गिगाहर्ट्झची लिंक आहे. रेडिओ वेगळा, अँटेना वेगळी, दोन्ही टोकांना १६ डीबीआयचे (डीबीआय म्हणजे अँटेना ताकद किती एकवटते त्याचं माप) पॅनल. उन्हाळ्यात सिग्नल उणे ६६ डीबीएम असतो, जूननंतर उणे ७९ वर जातो आणि चित्र अडकतं. पावसाने लाटा शोषल्या जातात म्हणून जास्त ताकदीचा रेडिओ घ्या, असं दुकानदार म्हणतो. घ्यावा का?

नका घेऊ. या पट्ट्यात पाऊस लाटा फारशा खात नाही. तासाला ५० मिलिमीटर या जोराने कोसळणाऱ्या पावसातही दोन किलोमीटरवर घट एखाद्या डेसिबलच्या आतबाहेर असते. तुमचे १३ डेसिबल दुसरीकडे कुठेतरी जात आहेत.

आधी उन्हाळ्याचाच आकडा तपासू. भारतात ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, पण अँटेनासकट बाहेर पडणारी ताकद ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट, यापुढे जाता कामा नये. दोन किलोमीटर मोकळ्या हवेत ११४ डेसिबल जातात. समोरची अँटेना १६ परत देते. ३६ वजा ११४ अधिक १६, म्हणजे उणे ६२. तुमच्याकडे येतात उणे ६६. याचा अर्थ कोरड्या हवेतही चार डेसिबल कुठेतरी गळत होते. मर्यादेपेक्षा कमी ताकद लावली असेल तर तेवढं वजा करा. शिवाय रेडिओत आडव्या आणि उभ्या लाटांसाठी दोन वेगळ्या वाटा, म्हणजे साखळ्या, असतात; काही रेडिओ दोन्ही साखळ्यांची बेरीज दाखवतात, काही एकेकीचा आकडा. तो फरक ३ डेसिबलचा, तेवढा सोडून हिशेब धरा. हा हिशेब प्रत्येकाने लिंक लावली त्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा. तो नसेल तर पुढे तक्रार कसली करायची हेच कळत नाही.

आता ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या रेडिओच्या सेटिंग पानावर आडव्या आणि उभ्या अशा दोन साखळ्यांचे आकडे वेगवेगळे बघा. दोन्ही सारखेच पडले असतील, समजा उणे ७८ आणि उणे ८०, तर दोष वाटेत आहे: झाडं, किंवा अँटेनाची फिरलेली दिशा. एकच पडला असेल, उणे ६७ आणि उणे ८३ असा, तर त्या साखळीच्या छोट्या केबलमध्ये किंवा जोडात पाणी शिरलं आहे. वर चढण्याआधी खुर्चीत बसून एवढं कळतं.

वाटेतला दोष असेल तर दुर्बिणीतून समोरचा खांब दिसतो एवढ्यावर समाधान मानू नका. लाटांना दोन टोकांमध्ये फुगीर काकडीसारखी मोकळी जागा लागते. दोन किलोमीटरला मध्यावर तिची त्रिज्या ५ मीटर असते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे ३ मीटर, मोकळी हवी. कलमं दर वर्षी वाढतात, तुमचा खांब वाढत नाही. एका दाट आंब्याच्या झाडातून लाट गेली तर १० ते २० डेसिबल सहज जातात, आणि पानं ओली झाली की आणखी. पाऊस थांबून ऊन पडल्यावर तासाभरात आकडा सुधारत असेल तर दोष पानांचाच. दोन दिवस उघडीप असूनही हळूहळूच सुधारत असेल तर जोडात पाणी आहे असं धरा.

जोडाचं पाणी निपटायचं असं. ओला जोड पुसून परत लावायचा नाही. केबलच्या जाळीत पाणी चढलेलं असतं, ती छोटी केबलच बदला. नवा जोड हाताने घट्ट करून वर पाव आटा पान्याने. त्यावर साध्या विद्युत टेपचा एक थर, म्हणजे पुढे उघडताना चिकटा निघत नाही. मग स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून रुंदी निम्मी होईल इतकी, अर्धा पदर अर्ध्यावर घेत खालून वर. कौलं जशी वरचं खालच्यावर येतं तशी, म्हणजे पाणी पदरात न शिरता ओघळून जातं. वर पुन्हा उन्हाला टिकणारी काळी टेप. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं लावू नका, त्यातल्या आम्लाने तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या. आणि केबल जोडाखाली एक वितीएवढा झोल देऊन मगच वर न्या. पागोळी झोलाच्या तळाशी गळते, जोडापर्यंत पोचत नाही.

जास्त ताकदीचा रेडिओ एका टोकाला लावून फक्त एका दिशेचं बोलणं मोठं होतं. समोरच्याचं उत्तर तेवढंच क्षीण येतं. शिवाय ४ वॅटची मर्यादा ओलांडली जाते ते वेगळंच.

अंबाजोगाईहून एक शिक्षक : शाळेपासून ४० मीटरवर मैदानाच्या कडेला १२ मीटरचा खांब आहे. वर वीजरोधक सळई आहे, खांबाला वेगळं अर्थिंगही केलं आहे. तरी दोन वर्षं ओळीने मे महिन्यात रेडिओ, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) अडॅप्टर आणि शाळेतला स्विच, तिन्ही जळाले. सळई काम करत नाही का?

सळई काम करते, खांबाचं अर्थिंगही करतं. घोटाळा त्या ‘वेगळं’ या शब्दात आहे.

एका विजेतून २० हजार अँपिअर जमिनीत उतरले आणि खांबाच्या अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर त्या क्षणी खांबाचा पाया दोन लाख व्होल्टवर जातो. शाळेचं अर्थिंग ४० मीटर लांब, ते जवळपास शून्यावर. या दोन ठिकाणांना जोडणारी एकच धातूची वस्तू आहे: तुमची नेटवर्क केबल. वीज तिच्यातून वाट काढते आणि वाटेत रेडिओ, अडॅप्टर, स्विच सगळं शिजवते. वीज थेट खांबावर पडायचीही गरज नाही, शेजारच्या शेतात पडली तरी पुरते.

उपाय दोन. पहिला जुना आणि खात्रीचा: दोन्ही अर्थिंगं जमिनीखालून जाड वाहकाने एकमेकांना जोडा. २५ बाय ३ मिलिमीटरची जस्त चढवलेली पट्टी, दीड-दोन फूट खोल चर, ४० मीटर लांबी, जोड बोल्टचे नकोत तर वेल्डिंगचे आणि वर डांबरी रंग. खडकाळ जमिनीत मीठ-कोळशाच्या खड्ड्याऐवजी बेंटोनाइट माती वापरा. मीठ सुरुवातीला रोध उतरवतं, पण सळई खातं आणि पावसात वाहून जातं. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारा) लावा, एक रेडिओपासून अर्ध्या मीटरच्या आत, दुसरा केबल इमारतीत शिरते तिथे. त्याची अर्थिंगची तार अर्ध्या मीटरहून लांब नको आणि गुंडाळी करून तर मुळीच नको. विजेचा झटका इतका तीव्र असतो की सरळ तारेच्याही एका मीटरवर हजारो व्होल्ट उभे राहतात. इथे बहुतेक बसवणारे चुकतात. प्रोटेक्टर लावतात आणि त्याची तार चार मीटर फिरवून आणतात.

दुसरा उपाय आम्हाला जास्त पसंत आहे. खांबापासून शाळेपर्यंत तांब्याऐवजी फायबर टाका. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल यांना जोडणारा डबा) लागतो. मात्र घरोघर टाकतात त्या काळ्या ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती तशीच ठेवली तर फायबर टाकून उपयोग काय? धातूविरहित, एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक) आधाराची केबल मागा. आणि खांबावरच्या रेडिओला वीज छोट्या सोलर पॅनलवरून द्या. शाळेतून वायर ओढून दिलीत तर मागच्या दाराने तोच मार्ग पुन्हा उघडला.

थेट खांबावरच वीज पडली तर वरचा रेडिओ जाणारच, तो कुणी वाचवत नाही. शाळा वाचते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. सूचना आली की खांबाकडून येणारी केबल आणि वीजपुरवठा दोन्ही उपटा. आभाळ डोक्यावर गडगडायला लागल्यावर मात्र केबलला हातही लावू नका.

पाटण तालुक्यातून एक वाचक : डोंगराच्या सोंडेवर रेडिओ, खाली घरात बॅटरी आणि सोलर. मधे ८० मीटर केबल, बॅटरीचे १२ व्होल्ट पीओईने वर जातात. दिवसा चालतं. रात्री सगळे व्हिडिओ बघायला बसले की रेडिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कंपनीने रेडिओ बदलून दिला, तरी तेच.

रेडिओ दोन्ही चांगलेच होते. साध्या पीओईत एक जोडी वीज नेते, दुसरी परत आणते. नेहमीच्या तांब्याच्या केबलमध्ये अशा जाऊन-येऊन वाटेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम, म्हणजे तुमच्या ८० मीटरला ६.७ ओहम. या रोधातून १२ व्होल्टने जास्तीत जास्त ५.४ वॅट वर पोचवता येतात. त्यापुढे रेडिओ कितीही ओढो, विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, कोसळतो. दिवसा पॅनल चालू असताना बॅटरी साडेतेरा व्होल्टला असते आणि तीच मर्यादा ६.८ वॅट होते. तुमच्यासारखा रेडिओ निवांत असताना चार-पाच वॅट घेतो आणि भरभरून बोलायला लागला की साडेसहा. म्हणून दिवसा तरतो, रात्री मरतो.

बॅटरीजवळ दाब वाढवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा आणि वर २४ व्होल्ट पाठवा. तेवढेच साडेसहा वॅट मग ०.३ अँपिअरमध्ये जातात, वाटेत दोन व्होल्ट पडतात आणि रेडिओला २२ मिळतात. रेडिओवरच्या चिठ्ठीवर २४ व्होल्ट चालतात असं छापलेलं आहे ना, ते आधी पाहा. कन्व्हर्टर रेडिओ न लावता चालू करायचा, मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत २४.० वर आणायचा आणि मगच केबल जोडायची. नव्या कन्व्हर्टरचा स्क्रू कुठल्या आकड्यावर असेल याचा भरवसा नसतो. पीओईत निळी जोडी, म्हणजे ४ आणि ५, अधिक असते आणि तपकिरी, ७ आणि ८, उणे. उलट लागली तर रेडिओ गेला.

आणखी एक. केबलच्या तारेवर ब्लेडने ओरखडा काढा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे. त्याचा रोध दीडपटीहून जास्त, आणि क्रिम्प केलेल्या टोकाशी ओल लागली की तार पांढरी भुकटी होऊन तुटते. ती केबल घराबाहेर अजिबात नको. घरातली करडी पीव्हीसी केबलही नको, दोन उन्हाळ्यांत तिच्या सालीला भेगा पडतात. बाहेर काळी पॉलिथिनची साल हवी.

बॅटरीचा हिशेबही लगोलग करू. सरासरी ६ वॅट धरले, कन्व्हर्टरची घट त्यातच, तर दिवसाला १४४ वॅट-तास. पाटणच्या बाजूला श्रावणात तीन दिवस सूर्य दिसत नाही हे धरून चाला. लेड बॅटरी निम्मीच वापरायची असते, तेव्हा ७२ अँपिअर-तास, बाजारात ७५ ची मिळेल. पावसाळ्यात दिवसाला जेमतेम दोन तासांचं पूर्ण ऊन धरलं तर १०० ते १२० वॅटचं पॅनल. ४० वॅटचं उन्हाळ्यात पुरतं, म्हणूनच फसवतं.

वसईच्या एका सोसायटीचे सचिव : दोन इमारतींमध्ये ४०० मीटर अंतर आहे. विक्रेता ६० गिगाहर्ट्झची जोडी सुचवतो. पावसात चालेल का?

इथे मात्र पाऊस खरंच आडवा येतो. हवेतला प्राणवायूच या लाटा किलोमीटरला १५ डेसिबल खातो, म्हणजे तुमच्या अंतरावर ६. तासाला १०० मिलिमीटरच्या जोराची सर आली तर आणखी ११-१२. चांगल्या जोडीत ४०० मीटरला एवढी शिल्लक सापडते, किलोमीटरला सापडणार नाही. विक्रेत्याकडून कोरड्या हवेतला सिग्नल आणि लिंक तुटण्याचा सिग्नल हे दोन आकडे लेखी घ्या. फरक २० डेसिबलहून कमी असेल तर नको. आणि शेजारी ५ गिगाहर्ट्झची साधी जोडी राखीव ठेवा, मुख्य लिंक पडली की आपोआप तीवर जाईल अशी. २६ जुलैसारखा दिवस डोळ्यांसमोर ठेवून हे सांगतो आहोत, सरासरी दिवस नव्हे.

भोसरी एमआयडीसीतून एक लघुउद्योजक : आम्ही घराबाहेरच्या रेडिओंचे डबे आणि ब्रॅकेट बनवतो, आता पूर्ण रेडिओच बाजारात आणायचा विचार आहे. सध्याच्या मालात कोणत्या सुधारणा हव्यात? वेग आणि अंतर सोडून सांगा, त्या चिप आयात होतात.

वेग-अंतर सोडून सांगा म्हणालात हे फार बरं केलंत. खांबावर चढणारा माणूस ज्याने वैतागतो ते सगळं तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी डब्याचा श्वास. दुपारी उन्हात डब्यातली हवा ६० अंशांवर जाते. अचानक सर येते, डबा दहा मिनिटांत २५ वर उतरतो. आतल्या हवेचा दाब दहा टक्क्यांनी कमी होतो, आणि तो फरक म्हणजे एक मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. बाहेर पाणी निथळतं आहे आणि डबा आतून ओढतो आहे. रबरी गॅस्केट नवं असताना हे सोसतं, दोन उन्हाळ्यांनी कडक झालं की डबा दर सरीला घोटभर पाणी पितो. पाण्याला अडवून हवेला जाऊ देणाऱ्या पडद्याची छोटी गुंडी मिळते, ती तळाशी बसवा. दाब कायम सारखा राहतो, गॅस्केटवर ताण येत नाही. एवढ्या स्वस्त वस्तूने एवढा फरक पडणारी दुसरी सुधारणा आम्हाला ठाऊक नाही. आयपी६७चं (धूळ-पाणी आत न शिरण्याचं) प्रमाणपत्र नव्या, थंड डब्याचं असतं. तुम्ही स्वतः चाचणी घ्या: डब्यात टिश्यू पेपर ठेवून दोन तास ६० अंशांच्या भट्टीत, मग थेट थंड पाण्याच्या बादलीत, असं वीस वेळा. कागद कोरा निघाला तर माल बाजारात आणा.

दुसरं, केबलचं दार. हल्लीच्या बऱ्याच डब्यांत नेटवर्क केबलचा आरजे-४५ जोड एका सरकत्या झाकणामागे इतका खोल असतो की त्याची जीभ दाबायला पेनची रिफिल लागते. माणूस शिडीवर, एक हात खांबाला, दुसऱ्या हातात केबल, आणि रिफिल कुठून आणायची? बोट आत जाईल एवढी जागा ठेवा. केबलला ओढ बसली तर ती जोडावर न येता क्लॅम्पवर यावी. कोकणात माकडं केबलला लोंबकळतात, ही थट्टा नाही. भोकाचं रबर बाजूने चिरलेलं असावं, कारण जोडाचं डोकं बारा मिलिमीटर रुंद आणि केबल सहा-सात. अखंड रबरातून डोकं जात नाही म्हणून लोक रबर काढून फेकतात आणि मग मुंग्या येतात.

अर्थिंगसाठी पत्र्याचा बारीक स्क्रू देऊ नका. सहा मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट बाहेर काढा, दातेरी वॉशरसकट, आणि आतल्या जोडाच्या कवचापासून तिथवर रुंद पट्टी न्या. वर पाटणच्या पत्रात पाहिलंत तसं, आपल्याकडे रेडिओला १२ ची बॅटरी, २४ चा अडॅप्टर आणि ४८ चा स्विच यांपैकी काहीही लागू शकतं. तेव्हा १० ते ५७ व्होल्ट काहीही खाणारा आणि उलट जोडणीला न जळणारा पुरवठा द्या, ८०२.३एएफ (पीओईचं मानक) ओळखणारा. आणि रेडिओला आत्ता किती व्होल्ट मिळत आहेत ते त्याच्या पानावर दिसू द्या. हा एक आकडा दिसला असता तर त्या वाचकांचा पहिला रेडिओ परत पाठवावाच लागला नसता.

ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा कोरा, चिकटवू नका. दिशा आणि झुकाव वेगवेगळे घट्ट होतील असं करा, नाहीतर एक बोल्ट आवळताना दुसरी दिशा हलते. सगळे नट एकाच १३ च्या पान्याचे, आणि ढिले केले तरी निसटून खाली न पडणारे. खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याचाही विचार झाला पाहिजे. अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टेनलेसचे बोल्ट लावत असाल तर मधे नायलॉनचा वॉशर द्या, खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटून बसले की अॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. किनाऱ्यासाठी स्टेनलेस ३०४ जातीचं नव्हे, ३१६ जातीचं. डब्याला एबीएसऐवजी एएसए प्लॅस्टिक, पांढऱ्या रंगात. एबीएस उन्हात पिवळं पडतं आणि मग टिचकीने तुटतं.

दिवे तळाशी, खाली उभ्या माणसाला दिसतील असे, आणि बंद करता येतील असे. दिशा लावताना सिग्नलप्रमाणे वेग बदलणारी शिट्टी दिलीत तर लोक दुवा देतील, कारण उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. अनुक्रमांक आणि मॅक पत्ता (नेटवर्कवरची रेडिओची ओळख) डब्यावर लेझरने कोरा आणि ब्रॅकेटवरही लावा. कागदी चिठ्ठी पहिल्याच पावसात जाते.

सॉफ्टवेअरमध्ये दोनच मागण्या. दुरून सेटिंग बदललं आणि पाच मिनिटांत समोरच्याशी पुन्हा बोलणं झालं नाही तर रेडिओने आपोआप जुन्या सेटिंगवर यावं. एका चुकीच्या चॅनेलपायी डोंगर चढावा लागतो तो वाचेल. आणि रेडिओ का बंद पडला होता, व्होल्ट कमी म्हणून, गरम झाला म्हणून की कुणी सांगितलं म्हणून, त्याची तारीखवेळेसकट नोंद वीज गेली तरी शिल्लक राहावी.

विक्रीआधी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस कक्षाकडून ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची, मंजुरी लागते, तिचा वेळ वेळापत्रकात धरा. पैसे थोडेच असतील तर श्वासाची गुंडी आणि अर्थिंगचा बोल्ट आधी, बाकी पुढच्या मॉडेलला.

जुन्नरहून एक वाचक : पाच किलोमीटरची लिंक, ६० सेंटिमीटरची डिश, दीड इंची पाइप सहा मीटर उंच. वादळ झालं की सिग्नल उणे ५८ वरून उणे ७० वर जातो. बोल्ट तर घट्ट आहेत.

हिशेबाने तुम्हाला उणे ५७ च्या आसपास मिळायला हवेत, म्हणजे मूळ जुळणी उत्तम होती. एवढ्या डिशचा झोत जेमतेम सहा अंश रुंद असतो. मध्यापासून तीन अंश सरकली की ताकद निम्मी, सहा अंश सरकली की दहा-बारा डेसिबल गेले. पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्या वाऱ्यात तुमच्या डिशवर ३०-३५ किलोचा रेटा येतो, तोही पाइपच्या एका बाजूला. गुळगुळीत गोल पाइपवर यू-बोल्ट किती आवळणार? डिश पाइपवर फिरते, किंवा पाइपच खालच्या क्लॅम्पमध्ये फिरतो. पाइपवर आणि क्लॅम्पवर मार्करने एक उभी रेघ मारा, पुढच्या वाऱ्यानंतर कोण फिरलं ते दिसेल.

पुन्हा जुळणी झाली की क्लॅम्प आणि पाइप यांतून आरपार भोक पाडून ८ मिलिमीटरचा बोल्ट घाला. पायथ्यापासून चार मीटर उंचीवर तीन ताण द्या, १२० अंशांवर, खुंट्या पायथ्यापासून चार मीटर लांब, प्रत्येकाला टर्नबकल (ताण आवळायचा स्क्रू). पाइपला वर टोपी आणि तळाशी एक भोक, नाहीतर आत पाणी साठून पाइप आतून सडतो. जुळणी करताना आकडा उणे ७५ च्या पुढे सरकतच नसेल तर तुम्ही मुख्य झोताऐवजी बाजूच्या छोट्या झोतावर अडकला आहात. दहा अंश दोन्हीकडे फिरवून मोठा चढ शोधा.

मुळशीतून : आमची लिंक चांगली चालते. शेजारच्या वाडीला पैसे घेऊन इंटरनेट दिलं तर चालेल का?

स्वतःच्या घरगुती जोडणीवरून नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत सार्वजनिक डेटा कार्यालय चालवता येतं, त्याला परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. एखाद्या नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी (अशी अनेक कार्यालयं एकत्र जोडणाऱ्या संस्थेशी) जोडून घ्यावं लागतं, ग्राहकांची ओळख आणि हिशेब तो सांभाळतो. तुमच्या इंटरनेट पुरवठादाराची अशा वापराला संमती आहे का ते आधी विचारा.

कुडाळहून : खांबाच्या पेटीत पाली आणि मुंग्या. डांबरगोळ्या ठेवाव्यात का?

नको. डांबरगोळीच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात, आणि गोळ्या महिनाभरात उडून जातात. प्रत्येक केबलला तिच्या मापाचा ग्लँड (पेटीच्या भोकात केबल घट्ट धरणारी चकती) लावा, रिकाम्या ग्लँडमध्ये बूच घाला, आणि तळाच्या हवेच्या भोकाला एक मिलिमीटरची स्टेनलेस जाळी आतून चिकटवा. पेटी उघडाल तेव्हा झाकणाच्या वरच्या कडेची सील बोटाने चाचपा. पाल बहुतेक तिथूनच शिरलेली असते.